अलिबागला मेडिकल कॉलेज आलं, पण त्यातल्या जागा आपल्या पोरांच्या आहेत का?

चिरनेर : सध्या आपल्या पट्ट्यात चार माणसं एकत्र बसली की दोनच विषय निघतात. एक, कर्नाळा-साई-चिरनेर या नव्या शहरात कोणाची जमीन किती जाणार. दोन, कोणाचं पोरगं ‘नीट’ला बसलंय. वरवर बघता या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आहे, आणि तो दलालांना आपल्याआधी कळलाय. विरार-अलिबाग कॉरिडॉरच्या मोबदल्याची चर्चा जिथं सुरू होते, तिथं ‘एमबीबीएसची सीट करून देतो’ म्हणणारा माणूसही चहाला येऊन बसतो. म्हणून हा लेख. डॉक्टर होण्याचा रस्ता खरा कुठून जातो, कुठं अडतो आणि आपल्या भागातली पोरं त्यात मागे का पडतात, ते नीट बघूया.

आधी अलिबागचं बोलू. रायगड जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, २०२१-२२ पासून तिथं १०० जागांवर प्रवेश सुरू झाले. कायमची इमारत उसरला मंजूर आहे. तेव्हा सगळ्या पक्षांनी पेढे वाटले आणि गावागावात समज झाला की आता आपल्या जिल्ह्यातली शंभर पोरं दरवर्षी डॉक्टर होणार. तसं नाही. त्या १०० जागांपैकी १५ ऑल इंडिया कोट्यात जातात. तिथं बिहारचा, केरळचा, राजस्थानचा कोणीही येऊ शकतो. उरलेल्या ८५ राज्याच्या आहेत, म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्यांच्या. रायगडच्या मुलासाठी म्हणून त्यात एकही जागा बाजूला ठेवलेली नाही.

पूर्वी राज्यात ७०:३० चा नियम होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, आणि ज्या भागात कॉलेज त्या भागातल्या मुलांना ७० टक्के जागा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने तो रद्द केला. मराठवाड्याची तक्रार होती की आमच्याकडे कॉलेजं कमी, म्हणून आमची हुशार पोरं बाहेर राहतात. तक्रार खोटी नव्हती. आपल्याला मात्र त्या जुन्या नियमाचाही फारसा उपयोग नव्हता, कारण ‘उर्वरित महाराष्ट्र’ म्हणजे मुंबई आणि पुणे त्यात आलेच. चिरनेरच्या, मोठी जुईच्या पोराची स्पर्धा दादर आणि कोथरूडच्या पोराशी तेव्हाही होती, आताही आहे.

आरक्षणाचा हिशोब घ्या. राज्याच्या ८५ जागांत ओबीसीला १९ टक्के धरले तर सोळाच्या आसपास जागा होतात. त्या अख्ख्या महाराष्ट्रातल्या ओबीसींच्या, नुसत्या आगरी समाजाच्या नव्हेत. अनुसूचित जमातीला ७ टक्के, म्हणजे साधारण सहा. त्यात आपल्या वाडीवरचा कातकरी मुलगा नाशिक, नंदुरबारच्या मुलांबरोबर उभा राहतो. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ते लक्षात ठेवण्यासारखं. बाकी कॉलेज जिल्ह्यात आल्याचा खरा फायदा पेशंटला आहे, विद्यार्थ्याला नाही. तोही अलिबागजवळच्या पेशंटला. उरणला १०० खाटांच्या रुग्णालयाची मागणी करून करून लोक थकले, ती गोष्ट वेगळी.

‘नीट पास’ म्हणजे काय?

निकालानंतर नाक्यावर बॅनर लागतात, ‘नीट परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल अभिनंदन’. अभिनंदन जरूर करा, पण बॅनर वाचून बाप कॉलेज शोधायला निघतो आणि तिथेच फसतो. नीट पास होणं म्हणजे प्रवेश नव्हे, ती फक्त रांगेत उभं राहायची परवानगी आहे.

आकडे बघा. ४ मे २०२५ ची नीट सुमारे २२ लाख ९ हजार मुलांनी दिली. पात्र ठरले १२ लाख ३६ हजार. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. म्हणजे ‘पास’ झालेल्या दहातल्या नऊ जणांना एमबीबीएसची जागाच नाही. ओपनला पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४ मार्क. ओबीसी, एससी, एसटीला ११३. शंभरात वीस मार्क मिळवणारा पात्र होतो, हे ऐकून माणूस चक्रावतो.

मग एवढी खालची रेषा ठेवलीच का? नियमाने सांगायचं तर पात्रता मार्कांवर नाही, पर्सेंटाइलवर आहे. ओपनला ५०, राखीवला ४०. म्हणजे परीक्षा देणाऱ्यांतला वरचा अर्धा भाग पात्र. पण माझं मत विचाराल तर या रेषेचा सगळ्यात मोठा फायदा महागड्या जागांना होतो. सरकारी जागा वरच्या मार्कांवरच भरतात. अभिमत विद्यापीठांची वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे असते, ती भरू शकणारे घरचे लोक रांगेत मागे मागे शोधावे लागतात. रेषा वर ठेवली तर त्या जागा रिकाम्या राहतील. १४४ वाला पोरगा डॉक्टर होऊ शकतो आणि ४५० वाला घरी बसतो, त्याचं कारण हे. आपल्या पनवेल तालुक्यातच कामोठ्याला एमजीएमचं कॉलेज आहे, पण ते अभिमत विद्यापीठात येतं. तिथल्या जागा दिल्लीच्या एमसीसीच्या यादीतून देशभरातून भरतात. गावाजवळ आहे म्हणून, किंवा कोणी ओळखीचा आहे म्हणून, तिथं काही होत नाही.

आणखी एक. मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचा अंदाज बांधू नका. २०२४ ला ७२० पैकी ७२० वाले कितीतरी होते. २०२५ ला पेपर अवघड आला आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. शेजारच्या पोराला ५५० ला मिळालं नाही म्हणून आपल्या ५५० वाल्याने हातपाय गाळायचे नाहीत. बघायचा तो रँक, आणि राज्याच्या यादीतला मेरिट नंबर.

२०२४ चं नाव निघालंच तर तेही सांगतो. ५ मे २०२४ च्या परीक्षेत आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी मार्क जाहीर झाले, १,५६३ मुलांना ग्रेस मार्क दिले, मग काढून घेतले आणि २३ जूनला फेरपरीक्षा घेतली. बिहार, झारखंडमध्ये पेपर फुटल्याचं निघालं, सीबीआय आली. धागा आपल्या लातूरपर्यंत आला, तिथं जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना अटक झाली. सुप्रीम कोर्टाने २३ जुलैला अख्खी परीक्षा रद्द करायला नकार दिला. दोन वर्षं मोबाईल बाजूला ठेवून अभ्यास केलेल्या पोरीला या सगळ्यात काय वाटलं असेल? आपल्याकडे त्यानंतर ‘पैसे दिल्याशिवाय काही होत नाही’ हे वाक्य पक्कं झालं. दलालाला नेमकं हेच वाक्य हवं असतं.

आपली पोरं मागे कुठे राहतात

हुशारीत नाही. दहावीला आपल्या शाळांतून नव्वद टक्क्यांवर पोरं निघतात. घसरण अकरावीत होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला अचानक सगळं इंग्रजी. त्यात नीटचा पेपर एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या जवळ जाणारा, आणि कॉलेजात शिकवतात स्टेट बोर्डाचं पुस्तक. बराचसा भाग सारखा आहे, पण जीवशास्त्रात एनसीईआरटीची ओळ न् ओळ वाचलेली लागते. १८० प्रश्नांत ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिक, ४५ रसायन. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ कापला जातो. ज्याची बायोलॉजी पक्की, त्याचा अर्धा पेपर हातात. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहेत, मोबाईलवर उतरवून घेता येतात. क्लासच्या जाड नोट्स त्यानंतर.

नीट मराठीतही देता येते. मराठीचा पेपर निवडला तर प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापून येतात, आणि भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात. देशातल्या लाखो मुलांत मराठी निवडणारे काही हजारच असतात. कारण सरळ आहे, अकरावी-बारावीची मराठी पुस्तकंच नाहीत तर पेपर मराठीत घेऊन करायचं काय? ‘जरायुज’ म्हणजे काय हे पोराला आधी इंग्रजीतूनच समजून घ्यावं लागेल.

मग क्लास. पनवेल, खारघरला जायचं तर दिवसाचे तीन तास एसटी, रिक्षा आणि वाट बघण्यात जातात. पावसात विचारू नका. हॉस्टेल घ्यायचं तर दोन वर्षांचा खर्च काही लाखांत. कॉलेजात फक्त नाव आणि हजेरी, आणि दिवसभर क्लास, असा धंदा आता सगळीकडे चालतो. त्यात बारावीच्या प्रॅक्टिकलची बोंब होते. पण एमबीबीएससाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतातच, हे ध्यानात ठेवा.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना महाज्योती या सरकारी संस्थेकडून नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण मिळतं, त्यासाठी टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटाही देतात. दहावी होऊन सायन्सला प्रवेश घेतल्या घेतल्या अर्ज करायचा असतो. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मी विचारत फिरलो, चार घरांत एकाला. बॅनर मात्र एवढे मोठे की गाव झाकून जाईल.

कागदाने गेलेली जागा

माझ्या मते आपल्या भागात मार्कांपेक्षा जास्त नुकसान कागदांनी होतं. राज्याच्या कोट्यासाठी साधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी, आणि डोमिसाइल हवं. ते आपल्याकडे असतं. अडतं जात पडताळणीवर. जातीचा दाखला आहे म्हणून लोक निवांत असतात. दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी. राखीव जागेवर प्रवेशाला व्हॅलिडिटी लागते. त्यासाठी अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत, ऑनलाइन करायचा. निकालानंतर धावपळ केली तर समितीसमोर तुमच्यासारख्यांची रांग लागलेली असते.

पुरावे जुने लागतात. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, एससीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, एसटीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे. आजोबा, पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद. वडिलांच्या बाजूच्या चुलत्याला, भावाला आधीच व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. म्हणून घरात एकाने तरी हे काम करून ठेवा, नोकरी असो नसो.

आता कातकरी वाडीवरच्या मुलाचा विचार करा. त्याचे आजोबा वीटभट्टीवर, कोळसा भट्टीवर फिरणारे. शाळेत गेलेच नाहीत, म्हणून रजिस्टरला नाव नाही. जमीन नावावर नाही, म्हणून सातबारा नाही. ज्या जमातीला केंद्र सरकार स्वतः ‘विशेष असुरक्षित’ म्हणतं, तिच्याच पोराने १९५० च्या आधीचा कागद दाखवायचा. २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाला दरवर्षी मानवंदना देतो आपण. जंगलावर ज्यांचं पोट, त्यांचा तो लढा होता. त्यांच्या पणतवंडांना आज एक उतारा मिळवून देणं ग्रामपंचायतीला अवघड नाही. वाडीवर जाऊन कागदांचं एक शिबिर घ्यायला हरकत काय आहे?

ओबीसींना आणखी दोन कागद. नॉन-क्रीमीलेयर चालू वर्षाचा हवा, ३१ मार्चला मुदत संपलेला चालत नाही. आणि ऑल इंडिया कोट्यात ओबीसी म्हणून जायचं असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला तिथं दाखवून काही होत नाही. दोन्ही एकदमच काढा.

मग येतो फॉर्म. नीटचा फॉर्म भरला, निकाल लागला, की काम संपलं असं अनेकांना वाटतं. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलकडे वेगळी नोंदणी करावी लागते. ऑल इंडियाच्या १५ टक्क्यांसाठी आणि अभिमत कॉलेजांसाठी एमसीसीकडे वेगळी. दोन्ही करा. पसंतीक्रम भरताना जवळची चार कॉलेजं टाकून थांबू नका. २०२४ मध्ये राज्यात १० नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. आपल्याला जवळचं अंबरनाथ त्यात आहे. तसंच जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोलीही. लांबच्या नव्या कॉलेजला पसंती कमी असते, तिथं शेवटच्या फेऱ्यांत नंबर लागतो. डिग्री तीच, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. आणि फेऱ्यांचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा, सायबर कॅफेवाल्याला विचारून भागवू नका. ऑल इंडियात तिसऱ्या फेरीत घेतलेली जागा सोडता येत नाही, हे एकच उदाहरण पुरे.

पैशाचं गणित

सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या आसपास. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क प्राधिकरण ठरवतं, ती अनेक लाखांत. तिथंही मेरिटने, कॅप फेरीतून जागा मिळाली तर शिष्यवृत्ती लागू होते. एससी, एसटीला पूर्ण, ओबीसी आणि आर्थिक मागास मुलांना साधारण निम्मी. मुलींसाठी जुलै २०२४ चा निर्णय मोठा आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. खासगी कॉलेजातली सरकारी फेरीची जागाही त्यात येते. खासगी अभिमत विद्यापीठ आणि मॅनेजमेंट कोटा येत नाही. म्हणजे आज आपल्याकडच्या हुशार पोरीसाठी खासगी कॉलेजचा दरवाजा उघडा आहे, आणि कित्येक बाप अजून ‘एवढी फी कुठून आणू’ म्हणून पसंतीक्रमात खासगी कॉलेज टाकतच नाहीत. नीट देणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा जास्त आहेत, तेव्हा हे प्रत्येक घरी पोचलं पाहिजे.

आता दलाल. तो सांगतो, मॅनेजमेंटची सीट आहे, आत माणूस आहे, निम्मे आत्ता द्या. खरं असं की मॅनेजमेंट आणि एनआरआयच्या जागाही ऑनलाइन फेरीतून, नीटच्या रँकनेच भरतात. फेरीच्या यादीत नाव नसताना झालेला प्रवेश राष्ट्रीय वैद्यक आयोग मान्य करत नाही. कॉलेजला दंड होतो आणि पोराला बाहेरचा रस्ता. पैसे रोखीत दिलेले, पावती नाही, तक्रार कोणाविरुद्ध करणार?

दुसरा दलाल परदेशवाला. पंचवीस-तीस लाखांत डॉक्टर, डोनेशन नाही. परदेशात शिकायला हरकत नाही, पण चार गोष्टी विचारा. नीट पात्र असणं सक्तीचं आहे. २०२१ च्या नियमानुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि एक वर्षाची इंटर्नशिप तिथंच झालेली हवी. परत आल्यावर एफएमजीई ही परीक्षा द्यायची, ३०० पैकी १५० मार्क लागतात. जून २०२४ ला ती पास होणारे २१ टक्क्यांच्या आसपास होते. पाचातले चार नापास, हे दलालाच्या पत्रकात नसतं. २०२२ ला युक्रेनमधून अठरा हजारांवर मुलं अर्ध्या शिक्षणावरून परत आली, तेही आठवा.

आपल्या लोकांनी १९८४ ला जासईला गोळ्या खाल्ल्या, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंड मिळाले. त्यातला बराच पैसा गाड्या आणि हळदीत गेला, हे बोलायला कडू आहे. आता पुन्हा मोबदला येतोय. तो पोरांच्या शिक्षणावर गेला तर आनंदच आहे, पण शेवटचा तुकडा विकून १४४ मार्कांवर वर्षाला वीस-पंचवीस लाखांची जागा घेणं, याचा हिशोब कागदावर मांडा. साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमडी केल्याशिवाय शहरात कोणी विचारत नाही, म्हणजे पुन्हा नीट पीजी, पुन्हा खर्च. त्यापेक्षा एक वर्ष परत नीट द्यायला लावणं स्वस्त. वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस हेही नीटमधूनच आहेत. आपल्या गावांत रात्री अकराला दार उघडणारे डॉक्टर बहुतेक बीएएमएस, बीएचएमएसच आहेत.

मागायचंच असेल तर

तामिळनाडूने २०२० मध्ये एक कायदा केला. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून नीट पात्र झालेल्या मुलांना राज्याच्या वैद्यकीय जागांत ७.५ टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. नीट तशीच राहिली, जातीचं आरक्षण तसंच राहिलं, त्या त्या प्रवर्गाच्या आत सरकारी शाळेच्या मुलाला जागा मिळाली. त्याआधी त्या शाळांतून दरवर्षी बोटांवर मोजण्याइतकी मुलं एमबीबीएसला जात, नंतर ती शेकड्यांत जाऊ लागली.

महाराष्ट्रात तसंच उचलून चालणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत असते, पुढची हायस्कूलं रयतसारख्या अनुदानित संस्थांची. तेव्हा नियम ‘जिल्हा परिषद आणि ग्रामीण अनुदानित शाळा’ असा करावा लागेल, आणि शहरातल्या क्लासवाल्यांनी गावातल्या कॉलेजात नुसती नावं घालून त्या जागा लाटू नयेत म्हणून हजेरीची खरी तपासणी लागेल. अवघड आहे, पण अशक्य नाही. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याच्या नावासाठी आपण हजारोंनी रस्त्यावर उतरलो. या मागणीसाठी अजून एकाही ग्रामसभेचा ठराव माझ्या बघण्यात नाही. येत्या ग्रामसभेत कोणी मांडणार असेल तर दोन ओळी पुरतात: रायगडच्या ग्रामीण शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात वेगळा वाटा, आणि तालुक्याच्या ठिकाणी नीटची सरकारी अभ्यासिका. ठरावाची प्रत आमदार आणि पालकमंत्र्यांना पाठवा, आणि पोच घ्या.